सुई कोणी घ्यायची?

ती आली तीच बसून. बाविशीतली पोर, सहावा महिना, ओठ निळसर, यवतमाळकडून रात्रभर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. "आडवं झालं का जीव घाबरते," एवढंच एका दमात बोलता आलं. इकोत हृदयातल्या मायट्रल झडपेचं तोंड जेमतेम ०.८ चौरस सेंटिमीटर. एरवी ते ४ ते ६ असतं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, गावात कुणीतरी गोळ्या दिल्या, बरं वाटलं, विषय संपला. झडप मात्र आकसत राहिली. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसांत तुंबतं. म्हणून हा आजार नेमका तेव्हाच उघडा पडतो.

लघवीची इंजेक्शनं झाली, ठोके कमी करायची गोळी झाली, उतार पडेना. मग बीएमव्ही ठरली: मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची. हा फुगा कांजी इनोए या जपानी सर्जननं १९८४ मध्ये जगापुढे मांडला. सर्जननंच सर्जनचं काम पळवलं, असं आम्ही आमच्या सीव्हीटीएसवाल्यांना, म्हणजे हृदयाच्या सर्जनना, चिडवतो. त्या दिवशी मात्र तेच ओटी तयार ठेवून थांबले होते. झडपेचा पडदा फाटला तर धाव त्यांच्याकडेच.

पोटाभोवती आणि पाठीखालून लेडचा एप्रन गुंडाळला. गर्भाचा भार मोठ्या शिरेवर येऊ नये म्हणून तिला थोडं डावीकडे कलवलं, त्यामुळे नेहमीचे अंदाज जरा चुकतात.

फुगा झडपेपर्यंत न्यायला हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईनं भोक पाडणं हा या कामातला खरा अवघड टप्पा. जरा पुढे गेली तर महाधमनी, जरा मागे तर हृदयाबाहेर. हृदयरोगातल्या डीएम पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटनं माझ्यासमोर हे बऱ्याचदा केलं होतं, गरोदर बाईवर कधीच नाही. एक्स-रे तर सेकंदांत मोजायचा. माझा हात जास्त झरझर चालला असता, यात शंका नाही. पण अशी प्रत्येक केस मीच घेतली तर उद्या हा चंद्रपुरात नाहीतर अकोल्यात एकटा उभा असताना काय करेल? बढतीच्या वेळी आमचे पेपर मोजतात. सुई कोणाच्या हाती दिली, याला रकाना नाही.

"तू घे," म्हटलं आणि त्याच्या कोपराला कोपर लावून उभा राहिलो.

सुई खाली ओढत आणताना पडद्याच्या खळग्यात किंचित उडी घेते. तिथे तो थांबला आणि त्यानं इकोकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते मला आवडलं. सुई पार झाली, दाबाचा आलेख बदलला: डाव्या कप्प्यात ३०. फुगा झडपेत बसला, दोन्ही टोकं फुगून डमरूसारखा मध्ये आवळला गेला आणि क्षणात ती कंबर नाहीशी झाली. दाब १२. झडप १.७, गळती नगण्य.

"बाळाले तं काई झालं नाई ना?" तिनं टेबलावरूनच विचारलं. सिस्टरनी बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या डॉपलरचा आवाज वाढवला.

लॉगबुकात 'असिस्टेड' लिहू का, असं रेसिडेंटनं विचारलं. मी 'परफॉर्म्ड' लिहायला लावून सही केली.

सुट्टी देताना सासू अडून बसली. "झडप खुलली नं बाबू, मंग दर तीन हप्त्याले सुई कायले?" पेनिसिलिनची ही सुई सोडली तर लहानपणचा तो ताप उलटू शकतो, झडप पुन्हा आकसू शकते, हे त्यानं तिला वऱ्हाडीत दोनदा सांगितलं. तिला पटलेलं दिसेना, तेव्हा त्यानं गावच्या आशाताईंना फोन लावला आणि तारखा त्यांच्याशीच ठरवून टाकल्या.