हारात न बसणारे फूल

चैत्र लागला, सोलापुरात पारा चाळिशीकडे झुकू लागला आणि आम्ही घरची मंडळी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठून तिथून विमानाने श्रीनगरला गेलो. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ३० हेक्टरांवर टप्प्याटप्प्याने पसरलेली ट्यूलिप बाग समोरच्या दल सरोवरासह एकाच नजरेत मावत नाही. लवकर, मध्यावर आणि उशिरा फुलणारे वाण मुद्दाम एकत्र लावलेले असल्यामुळे मार्चअखेरीपासून जेमतेम महिनाभर ती रंगलेली राहते. सकाळच्या गारठ्यात पाकळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. ऊन चढले तशा त्या उमलत गेल्या आणि एका तांबड्या फुलाच्या तळाशी काळसर डाग व भोवतीचे सहा पुंकेसर स्पष्ट दिसू लागले.

सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर वर्षानुवर्षे हार ओवणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते फूल निरखून लगेच निकाल दिला, "वास नाही, देठ पाणीदार. सुईत ओवलं तर दुपारपर्यंत लोळागोळा. देवाला काय घालायचं?" धंद्याच्या हिशेबाने त्यांचे बरोबरच होते. हे फूल फुलदाणीचे. तोडल्यावरही त्याचा देठ पाण्यात वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो. काश्मीरमध्ये मात्र जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवर आयरिसबरोबर ट्यूलिपही असत आणि त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाई. नेदरलँड्समध्ये तर १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी मधला विषारी कोंब काढून कंद शिजवून खाल्ले. कंद रोज हाताळणाऱ्यांच्या बोटांवर पुरळ उठते, तेव्हा हौसेखातर कोणी ते चाखू नयेत.

एवढे बोलूनही कंदांची चौकशी केली ती जाऊबाईंनीच! कंदाला साधारण १२ ते १४ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते, नाहीतर देठ आखूड राहून कळी धड उमलत नाही. सोलापुरात ही थंडी फ्रीजमध्येच मिळणार, तीही फळांपासून दूर, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातली कळी मारतो. सप्टेंबरअखेरीस फ्रीजमध्ये ठेवलेले कंद जानेवारीच्या सुरुवातीला कुंडीत लावले, तर उन्हे तापण्याआधी फूल मिळू शकते. त्याच कंदाकडून पुढच्या वर्षी मात्र आशा धरू नये. त्या काळात घरातली सीताफळे कुठे ठेवायची, यावर जाऊबाई आणि भावोजींचे अजून एकमत झालेले नाही.