शिट्टी न होणारा स्वयंपाक

आपल्याकडे निम्मा स्वयंपाक कानांनी होतो. डाळीला तीन शिट्ट्या, बटाट्यांना दोन, मटणाला पाच-सहा आणि मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. मोहरी तडतडायला हवी, चकली तळताना तेलाचा आवाज मंदावायला हवा. शेजारच्या घरात आज काय शिजतंय हे शिट्ट्यांवरून ओळखणारी माणसं माझ्या माहेरी होती. अशा कानांच्या माणसांत स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आणून ठेवला की पहिली तक्रार चवीची येत नाही, तो गप्प बसतो याची येते.

आमच्याकडे तो आला कोकणच्या सहलीसाठी. नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे लोक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन रानात, तळ्याकाठी मुक्काम करतात, सकाळी कुकरमध्ये मांस, कंदमुळं, कडधान्य भरून बटण फिरवतात आणि भटकायला निघून जातात. संध्याकाळी आठ-दहा जणांचं जेवण तयार. तिकडच्या कॅम्पिंगच्या बऱ्याच जागी गाड्यांना वीज-पाण्याची जोडणी मिळते, म्हणून हे जमतं. आपल्याकडे 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण धोरण काहीही म्हणो, देवगड-मालवण पट्ट्यात फिरताना आमचा कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे कुणाचं तरी खळं, घरापुढचं अंगण, आणि जोडणी म्हणजे यजमानांच्या खिडकीतून ओढलेली वायर. (खळं माडांपासून लांबचं बघावं. गाडीच्या टपावर रात्री नारळ पडला की आतल्या माणसांना भूकंपच वाटतो.)

त्या वायरीवर इंडक्शन शेगडी लावली की यजमानांच्या घरातला एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो. सहा लिटरच्या स्लो कुकरला मात्र अडीचशे-तीनशे वॉट पुरतात, म्हणजे छताच्या तीन-चार पंख्यांएवढी वीज. आठ तास चालला तरी दोन-अडीच युनिटांच्या आत खेळ आटोपतो, आणि विजेचे पैसे देताना आपल्यालाही ओशाळं वाटत नाही. गाडीच्या बॅटरीवर त्याला पोसायच्या भानगडीत पडू नये. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर बाराशे वॉट-अवर देते, आणि तीही तळापर्यंत उपसायची नसते. चार तास निघायच्या आत बॅटरी झोपते आणि मटण अर्धकच्चं राहतं. चालत्या गाडीत रस्सा शिजवण्याची कल्पना तर मुंबई-गोवा महामार्ग न पाहिलेल्या माणसाचीच असणार.

लाईट जाणार हे धरूनच चालायचं. अर्धा-पाऊण तास गेली तर झाकणाला हात न लावता बसून राहायचं, आतलं चिनी मातीचं जाड भांडं तेवढी ऊब धरतं. जास्त लांबलं तर हट्ट सोडून सगळं गॅसवर चढवायचं आणि खदखदून उकळायचं. साठ अंशांच्या खाली कोमट पडून राहिलेल्या मटणात आपल्याआधी जंतूंची पंगत उठते.

या कुकरात काय शिजवावं, यावर आमच्या घोळक्यात बरंच रामायण झालं. माझं मत पक्कं आहे : काळे वाटाणे. मालवणी माणसाच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठीच कुणी तरी हे यंत्र काढलं असावं, असं वाटण्याइतकं ते जमतं. वाटाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी एक उकळी काढून कुकरात टाकायचे आणि विसरायचे. दाणा अख्खा राहतो, पण बोटाने दाबला की लोणी. आमसुलं मात्र आधी टाकायची नाहीत. आंबट पडलं की कडधान्य हटून बसतं, मऊ व्हायचं नाव घेत नाही. राजमा नेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं : तो आधी गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळून घ्यावा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं आणि मंद आचेवर ते नीट मरत नाही.

मटणाचं गणित वेगळं. खांदा, नळी असे हाडाचे, चिवट तुकडे घ्यावेत, ते सात-आठ तासांत हाडापासून सुटतात आणि रस्सा ओठांना चिकटतो. वाटप घरूनच भाजून, वाटून डब्यात न्यायचं, कारण या आचेवर कांदा-खोबरं नुसतं उकडतं, खमंग होत नाही. बटाटा तळाला घालायचा, तो मटणापेक्षा उशिरा शिजतो. आणि पाणी हात आखडून. इथे वाफ बाहेर जात नाही, मटणाला सुटलेलं पाणी आतच राहतं. सवयीने दोन तांबे ओतणाऱ्यांच्या वाट्याला सूप येतं. नारळाचा रस अगदी शेवटी, नाहीतर फुटतो. ब्रॉयलर कोंबडी आठ तास ठेवली तर चोथा होतो, गावठी असेल तर तिचा मान राखला जातो. मासळीच्या बाबतीत बोलायलाच नको. पाच मिनिटांत शिजणाऱ्या बांगड्याला दिवसभर कोंडून ठेवणं हा कोकणात तरी गुन्हा मानला पाहिजे.

हे सगळं ऐकून यजमानीणबाई बाहेर आल्या, काचेच्या झाकणावर वाकल्या आणि म्हणाल्या, "आवाज नाय, वाफ नाय. ह्यां शिजता तरी काय?" मग आपल्या चुलीकडे घेऊन गेल्या. पुढे भाताचा टोप, आणि मागे वैलावर कुळीथ, सकाळपासून, कुणी लक्षही न देता. पुढच्या जाळातून उरलेली आच मागच्या तोंडाला जाते, तिच्यावर कडधान्य आपोआप होतं. माझ्या भाच्याने त्या वैलाचे चारही बाजूंनी फोटो काढले.

झाकण उघडणं हा मात्र आमचा राष्ट्रीय छंद निघाला. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हे सांगूनही जो तो येता-जाता डोकावत होता. शेवटी सगळ्यांत जास्त डोकावणाऱ्या दादांनाच झाकणाच्या राखणीला बसवलं. दुपारभर ते खुर्ची टाकून बसले, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

खरी गंमत वहिनींची झाली. आमच्या मोठ्या जाऊबाई. डझनभर माणसांची सहल निघाली की सगळे समुद्रावर आणि वहिनी कांद्यावर, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नसतं, त्याही तक्रार करत नाहीत, आणि संध्याकाळी आपण परत आलो की "काय पाहिलंत?" म्हणून विचारतात. या वेळी नाश्त्यानंतर कुकर लागला आणि दहा वाजता वहिनींना करायला काही उरलं नाही. त्या बेचैन झाल्या. ओटा पुसला, तो पुसलेलाच होता. कोथिंबीर निवडली. मग कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर आमच्याबरोबर आल्या, साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, आणि दर थोड्या वेळाने मला विचारत राहिल्या, "अगं, खाली लागलं नसेल ना?" दुपारनंतर विचारायच्या थांबल्या. सूर्य बुडाल्यावर त्यांना पाण्यातून बाहेर काढायला मुलांना पाठवावं लागलं.

परतीच्या वाटेवर अलिबागला थांबलो, तेव्हा भाच्याने या यंत्राचा जन्म सांगितला. इरविंग नॅक्सन हा शिकागोचा यंत्रज्ञ. त्याची आई त्याला लिथुआनियातल्या विल्नियसच्या, म्हणजे आपल्या माहेरच्या गावच्या, गोष्टी सांगे. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. मग शुक्रवारी सूर्यास्ताआधी कडधान्य, बटाटे आणि मांस यांचं भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गरमागरम घरी आणायचं. त्या पदार्थाचं नाव चोलंट. नॅक्सनने विजेवर तीच आच धरली आणि 1940 मध्ये पेटंट मिळवलं. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि 1971 मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. नोकरीला जाणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं.

हे तो सांगत होता ती जागा इस्राएल आळीपासून चार पावलांवर होती. याच किनाऱ्यावर, नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं बेने इस्राएल मानतात. हे मराठी बोलणारे ज्यू पूर्वी तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. शनिवारची सुट्टी पाळणाऱ्यांच्या गावात शनिवारच्या सुट्टीपायी जन्मलेलं यंत्र आम्ही डिकीत घालून फिरत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बघा, सुट्टी पाहिजे म्हटल्यावर सुचतं माणसाला."

अलिबागेत थंडीच्या दिवसांत पोपटीही चुकवली नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ. तिथे सगळेच तज्ज्ञ असतात, आणि पुरुषांना स्वयंपाक येतो असं त्या एका रात्रीपुरतं सिद्ध होतं.

वाद पेटला तो मुक्कामाच्या शेवटी. रात्री कुकरमध्ये उकड्या तांदळाची पेज लावायची, म्हणजे सकाळी उठल्याउठल्या मीठ आणि खाराची मिरची घालून भुरकायला तयार, असा माझा बेत. पण आदल्या दिवशी त्यात मटण शिजलेलं, आणि दुसऱ्या दिवशी आत्यांचा सोमवार. भांडं घासलंय, चिनी मातीला वास राहत नाही, हे भाच्याने शास्त्रोक्त पटवलं. आत्या म्हणाल्या, "वास नाही रे, पण त्या भांड्याने पाहिलंय ना मटण." दुसरा कुकर घ्यावा, तर गाडीत जागा नाही. शेवटी पुढच्या सहलीसाठी क्रमच बदलला : पहिल्या दिवशी पेज, मग काळे वाटाणे, मटण अगदी शेवटी. ठराव बहुमताने पास झाला. विरोधात मुलं आणि ड्रायव्हर.