तेयझे म्हणजे मावशी: इस्तंबूल ते साफ्रानबोलू

तुर्कीला जायच्या आधी दोन महिने मी मोबाईलवर रोज थोडं थोडं तुर्की शिकत होते आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की तिकडे सगळ्यांना 'सिझ'च म्हणायचं. सेन म्हणजे तू आणि सिझ म्हणजे तुम्ही, क्रियापदाचं शेपूटही त्याप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. अनोळखी गावात तुम्ही म्हटलेलं कधीही बरं, असा माझा हिशोब.

इस्तंबूलमध्ये तो हिशोब बरोबर निघाला. हॉटेलच्या काउंटरवर पहिल्याच सकाळी मला 'स्नेहा हानम' अशी हाक आली आणि मी खूशच झाले. पुरुष असेल तर बेय, बाई असेल तर हानम, आणि ते लागतं पहिल्या नावाला, आडनावाला नाही. म्हणजे आपलं वसंतराव, सुमनताई असतं ना, तस्सं. तुर्कीत सगळ्यांना आडनाव सक्तीचं झालं तेच मुळात 1934 च्या कायद्याने, तुर्कीचे पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल यांना अतातुर्क हे आडनाव मिळालं तेही त्याच वर्षी. आणि गंमत बघा, त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने बेय, हानम, एफेंदी, पाशा हे सगळे जुने किताब रद्द करून टाकले, त्याऐवजी नावाच्या आधी बाय आणि बायान लावा म्हणाले. पण लोकांच्या तोंडातून बेय आणि हानम काही गेलं नाही, आजही ऑफिसात, बँकेत, डॉक्टरकडे तेच चालतं.

रस्त्यावर मात्र वेगळंच. एमिनोनूहून बोटीने काडीकोयला गेले, तिथल्या बाजारात हिंडले, तर बेय-हानम फारसं ऐकूच येईना, सगळीकडे आबी आणि आबला. आबी म्हणजे दादा, आबला म्हणजे ताई. मासेवाला आबी, डोलमुशचा, म्हणजे शेअर मिनीबसचा, ड्रायव्हर आबी नाहीतर काप्तान. कारागीर, मेकॅनिक, स्वयंपाकी यांना उस्ता म्हणतात, हा शब्द मूळ फारसी उस्तादवरून आला, म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद आणि इस्तंबूलचा कबाबवाला उस्ता एकाच शब्दाने हाक मारून घेतात! होजाम म्हणजे खरंतर 'माझे गुरुजी', पण कॉलेजातली पोरं एकमेकांनाही होजाम म्हणतात.

तिथून बसने सहाएक तासांवर साफ्रानबोलू. जुन्या ऑटोमन काळातली लाकडी घरं, उतरत्या दगडी गल्ल्या, 1994 पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं गाव. मी एका पान्सियोनमध्ये, म्हणजे घरगुती गेस्टहाऊसमध्ये, उतरले, मालकीणबाई सत्तरीच्या असतील. मी सवयीने हानम, सिझ सुरू केलं. जेवण झाल्यावर 'एलिनिझे सालक' म्हटलं, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो, स्वयंपाक करणाऱ्याला हे म्हणतातच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हानम नको गं, तेयझे म्हण.

तेयझे म्हणजे मावशी. आईची बहीण, फक्त आईचीच. वडिलांची बहीण हाला, वडिलांचा भाऊ आमजा, आईचा भाऊ दायी. म्हणजे मावशी, आत्या, काका, मामा अगदी चार खणात चार, इंग्रजीसारखं अंकल-आंटी या दोनच शब्दांत सगळे कोंबलेले नाहीत. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की अनोळखी म्हाताऱ्या बाईला तिकडेही मावशीच म्हणतात, आत्या सहसा नाही, आणि अनोळखी म्हाताऱ्या माणसाला काका. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, आत्या कधी म्हणतो का? हे असं का असावं यावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी तेयझे म्हणायला लागले पण मागे सिझ तसंच ठेवलं. तेही त्यांना खटकत असावं, कारण त्या मधूनमधून थांबून मला 'सेन' करून सांगायच्या. जीभ वळेना. सत्तरीच्या बाईला तू कसं म्हणायचं? मग लक्षात आलं, मी माझ्या सख्ख्या मावशीला तूच म्हणते की! मान आधीच 'मावशी' या शब्दात आलेला असतो. तेव्हापासून एकेरीत, 'एलिने सालक, तेयझे'.

आणि त्या मला काय म्हणायच्या माहितीये? तेयझेम, म्हणजे 'माझी मावशी'. आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तिकडे मायेने नातं उलटं फिरवून हाक मारतात, आई लेकराला आन्नेम म्हणजे 'माझी आई' म्हणते, तशी मावशी भाचीला तेयझेम.

निघायच्या सकाळी त्यांनी लोकुम या तुर्की मिठाईचा डबा हातात दिला, मी त्यांचा हात हातात घेऊन ओठाला आणि मग कपाळाला लावला, तिकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. गल्लीच्या वळणावर पोचले तर मागे पाण्याचा आवाज. तांब्याभर पाणी माझ्या वाटेवर ओतून त्या म्हणत होत्या, 'सु गिबी गित, सु गिबी गेल.' पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. एकेरीत.