तांबड्या रश्श्याचा कट आणि लीड्सचं तुंबलेलं सिंक

जानेवारीतल्या एका शनिवारी आमच्या इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरी चार कुटुंबं जेवायला आली होती. एक सांगलीचं, एक गडहिंग्लजचं, दोन आपली कोल्हापूरची. सकाळी सातपासून कांदा-खोबरं भाजायला घेतलं होतं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं केलं. इकडे असा दिवस वर्षातून एखाद-दुसरा उगवतो, त्यामुळे त्याचं अप्रूप फार. रात्री अकराला पाहुणे गेले, मी पातेली घासायला घेतली आणि तळाशी राहिलेला सगळा कट गरम पाणी सोडून सिंकमध्ये ओतून दिला. घरी कोल्हापुरात मोरीत ओतायचो, तसाच.

रविवारी सकाळी सिंकमधलं पाणी जागचं हलेना. रबरी पंप मारून बघितला, उकळतं पाणी ओतलं. उलट मागच्या अंगणातल्या जाळीतून खरकटं पाणी वर यायला लागलं. बाहेर दोन अंश तापमान, पोरांची सोमवारची शाळा, आणि सिंकमध्ये तेलकट लाल पाणी. घाबरून इंटरनेटवर जो पहिला 'चोवीस तास सेवा'वाला नंबर दिसला तो फिरवला. पहिल्या तासाचे १८० पौंड, त्यावर २० टक्के कर. जो मुलगा आला त्याने सिंकमधून स्प्रिंगची तार घातली, वीस मिनिटं फिरवली, पाणी हळूहळू उतरायला लागल्यावर पैसे घेतले आणि गेला. अंगणातलं झाकण त्याने उघडूनसुद्धा बघितलं नाही. मंगळवारी पुन्हा तुंबलं.

मग शेजारच्या आजींनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. तीस-पस्तीस वर्षं तो फक्त सांडपाण्याच्या लाइनीच साफ करतोय. त्याने घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातलं चेंबर उघडलं. दोन लोखंडी चाव्या झाकणाच्या खाचेत घातल्या, गुडघ्यावर बसून झाकण बाजूला सरकवलं आणि मला जवळ बोलावलं. खाली अर्धगोल नाली होती, जवळजवळ कोरडी. तो म्हणाला, चेंबर पाण्याने भरलेलं असतं तर तुंबलेली जागा चेंबरच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. कोरडं आहे म्हणजे ती तुझं स्वयंपाकघर आणि हे चेंबर यांच्या मध्ये. इतकी साधी गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. आता तुम्हाला सांगते, कारण लीड्स असो नाहीतर राजारामपुरी, पाणी उताराकडेच जातं आणि ही खूण दोन्हीकडे तितकीच खरी आहे.

त्याच्याकडे वीतभर जाडीच्या पुड्यात बांधलेल्या लवचीक काठ्या होत्या, एकीला दुसरी पेचाने जोडत जायची. काठ्या आत सारताना तो त्या सारख्या एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत होता. उलट्या फिरवल्या तर पेच सुटतो आणि काठी पाईपातच राहते, मग खोदकामाशिवाय ती निघत नाही. तिसऱ्या काठीला काहीतरी अडलं. त्याने मागे-पुढे केलं, आणि नालीत धपकन एक लादी येऊन पडली. पांढरी, जाड, धुण्याच्या साबणाच्या वडीसारखी. जवळून बघितलं तर त्यात बारीक तांबड्या रेघा होत्या. आमच्या कांदा-लसूण चटणीचा रंग. आईने मंगळवार पेठेतून डब्यात भरून पाठवलेली चटणी पाईपातल्या चरबीत अशी गोठून बसली होती.

मटणाची चरबी गरम असते तोवर पाण्यासारखी वाहते, पण साधारण चाळीस अंशांच्या आसपास ती गोठायला लागते. जानेवारीत इथल्या जमिनीखालचा पाईप पाच-सात अंशांवर असतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण ती चरबी फक्त थोडी पुढे ढकलतात आणि पुढे थंड जागी ती बसते. सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून तिचा साबणासारखा टणक थर होतो, त्यावर भाताची शितं, चहाचा चोथा चिकटत जातो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असाच एक गोळा सापडला होता, अडीचशे मीटर लांब आणि सुमारे १३० टनांचा. चरबी, ओले वाइप्स, लंगोट, सगळं एकत्र दगडासारखं झालेलं. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला होता. पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलेले वाइप्ससुद्धा कागदासारखे विरघळत नाहीत, ते चरबीला धरून ठेवायचं काम करतात. घरात लहान बाळ असलेल्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवा.

त्या दिवशी मला आजीची आठवण आली. आजी चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासायची. मटणाचं पातेलं असलं की आधी कोरडीच राख फिरवायची, सगळी चरबी राखेला लागली की ती झाडाच्या बुंध्यात टाकायची आणि मग पाणी. तिच्या मोरीला पाईप नव्हताच, तरी तिची पद्धत पाईपवाल्या घरालाही लागू पडते. आता मी कट वाटीत काढून थंड करते, डब्यात भरून कचऱ्यात टाकते. पातेलं आधी कागदाने पुसते, मगच पाण्याखाली धरते. तेव्हापासून सिंक एकदाही तुंबलेलं नाही.

इकडच्या कामांबद्दल इकडे यायच्या तयारीत असलेली मुलं मला विचारतात, म्हणून थोडं सांगते. इंग्लंडमध्ये कुणीही स्वतःला प्लंबर म्हणवून घेऊ शकतो, त्याला परवान्याची सक्ती नाही. पण गॅस बॉयलरला हात लावायचा तर 'गॅस सेफ' नोंदणी लागतेच, आणि त्यांच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कुठलं काम करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. ते उलटून बघा, कुणाला वाईट वाटत नाही. दुसरं, जुन्या चाळवजा ओळीतल्या घरांची सांडपाण्याची लाइन बहुधा सामायिक असते. १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सामायिक लाइनीची आणि आपल्या हद्दीबाहेरच्या पाईपाची जबाबदारी पाणी कंपनीकडे गेली. तुंबलेली जागा त्या भागात असेल तर कंपनीची माणसं येऊन मोकळी करून जातात, आपल्याला पैसे पडत नाहीत. आमचं तुंबलेलं आमच्याच हद्दीत निघालं, पण ओळीतल्या दोन घरांनी हे माहीत नसल्यामुळे पूर्वी खासगी माणसाला पैसे मोजलेत. आणि फोनवरच विचारा: यायचे किती, पहिल्या तासाचे किती, रात्रीचा दर वेगळा का, चेंबर उघडून बघणार का. ज्याला ही उत्तरं नीट देता येत नाहीत त्याला बोलवू नका.

पाण्याच्या लाइनीचा धडा मात्र मला दुसऱ्या हिवाळ्यात मिळाला. थंडीत पाणी गोठलं की ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि तांब्याचा पाईप फाडतं. बर्फ असतो तोवर काही कळत नाही, ऊन पडून तो वितळला की धार लागते. माळ्यावरचा पाईप फाटला तेव्हा मी मुख्य कॉक शोधत होते. इथे तो बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या सिंकखाली असतो. आमचाही तिथेच होता, पण आधीच्या मालकाने त्यावर रंगाचे इतके हात मारले होते की तो फिरेचना. दहा मिनिटांत खालच्या खोलीचं छत भिजून खाली आलं. इथली छतं स्लॅबची नसतात, लाकडी तुळयांना खालून जिप्समचे पातळ बोर्ड मारलेले असतात, भिजले की सरळ कोसळतात. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी तो कॉक एकदा बंद करून उघडते, आणि पूर्ण उघडल्यावर किंचित मागे घेते म्हणजे जाम होत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊनच गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला आले. आई एकटी असते. बाबा होते तेव्हा घरातला कुठला पाईप कुठून जातो ते त्यांना ठाऊक होतं, आता ते फक्त आमच्या प्लंबरमामांना ठाऊक आहे. मामा पंचवीस वर्षं आमच्याकडे येतात. टाकीचा फ्लोट अडकून पाणी वाहतंय, नळाचा वॉशर गेलाय, पावसाळ्यात गाळ येऊन जाळी भरलीय, आईचा फोन गेला की स्कूटरवर पान्याची पिशवी टाकून हजर. पैसे विचारले की "द्या की काय द्यायचं ते." मी त्यांना एक अख्खा दिवस मागितला आणि मजुरी आधीच ठरवून घेतली. 'द्यायचं ते' मध्ये त्यांचंच नेहमी नुकसान होतं असं मला वाटतं.

घराला तीन चेंबरं आहेत असं बाबा म्हणायचे. दोन सापडली. तिसरं २००९ साली पुढच्या अंगणात फरशी घातली तेव्हा गवंड्याने खाली गाडून टाकलं होतं. मामांनी हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकत नेली. सातव्या की आठव्या फरशीवर आवाज पोकळ आला. "हितंच हाय बघा ताई." फरशी काढली, झाकण निघालं. मामा लगेच उघड्या हाताने आत हात घालायला निघाले. मी थांबवलं. लीड्सहून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले होते, ते पुढे केले.

"राहू दे ताई, सवय हाय."

"सवय आहे म्हणूनच घाला, मामा."

त्यांनी घातले. झाकण अर्धा तास उघडं ठेवून मगच वाकायचं असंही ठरवलं, कारण बंद चेंबरमध्ये वायू साठतो. हे घरचं चेंबर गुडघाभर खोल होतं. सेप्टिक टँक किंवा मोठ्या गटारात तर माणूस उतरवायचाच नाही, सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि तरीही माणसं मरतात. लीड्सच्या त्या कारागिराला शेजारच्या आजींनी काम झाल्यावर घरातल्या कपात चहा दिला होता, जेवणाच्या टेबलावर बसवून. आपल्याकडे असं काम करणाऱ्याला पाणीसुद्धा बाहेरच्या बाहेर देणारी घरं मी पाहिली आहेत. ते मला अजून सहन होत नाही.

चेंबरातून निघाला तो घासणीचा गठ्ठा, चहाचा चोथा, तोच पांढरा थर आणि एक स्टीलचा चमचा. आईने तो धुऊन पदराला पुसला. दांड्यावर आजीचं नाव कोरलेलं होतं. लग्नात आलेल्या डझनभर चमच्यांतला एक, आई कित्येक वर्षं अकरा मोजत होती.

संध्याकाळी मी चौकटीच्या वहीच्या कागदावर घराचा आराखडा काढला. महापालिकेची लाइन निळ्या रंगात, टाकीवरून उतरणारी हिरव्या, सांडपाणी तपकिरी. मामा शेजारी बसून बोट ठेवत गेले: इथे एल्बो, इथे उतार कमी पडतो, हा तुकडा अजून जुन्या लोखंडी पाईपाचा, आतून गंजलाय, दिवाळीपर्यंत बदलायला लागंल. मीटरजवळच्या कॉकला तांबडी चिठ्ठी, टाकीच्या कॉकला पिवळी. कागद लॅमिनेट करून फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवला. तिसऱ्या चेंबरवर पुन्हा फरशी बसवली, पण आता तिला उचलायची कडी आहे.

मावशी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहते, तिच्याकडचाही असाच कागद केला. तिथली गरज वेगळी आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागली की तिच्याकडे रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी मोरीतून पाणी उलटं वर येतं. २०१९ ला तसंच आलं, २०२१ ला पुन्हा. मामांनी बाहेर जाणाऱ्या पाईपावर एकाच बाजूला उघडणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवून दिला. त्यात कचरा अडकला तर झडप मिटत नाही, म्हणून जूनच्या आधी तो उघडून साफ करायचा, तीही तारीख कागदावर लिहिली. पुरात उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ दोन्ही वेळा कोरडे पडले होते, म्हणून टाकीचा पिवळा कॉक कुठे आहे ते पोराबाळांनाही दाखवून ठेवलंय.

ऑगस्टमध्ये एका रात्री आईचा फोन आला. इकडे दीड वाजला होता, म्हणजे तिकडे सकाळचे सहा. मी दचकून उठले.

"झोपलीस व्हय गं? काही नाही. मीटरपाशी वल दिसली, धार लागलेली. तांबड्या चिठ्ठीचा कॉक बंद केलाय मी. मामाला फोन केलाय, नऊला येतो म्हणाला. टाकीत पाणी हाय." मग जरा थांबून, "तू झोप आता. मी चहा घेतो."