विहिरीवरच्या इंजिनापासून उजनीच्या बोटीपर्यंत – आमची वाटचाल

सोलापुरात बोटीची इंजिनं दुरुस्त करतो म्हणलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. समुद्र कुठाय तुमच्याकडं, हा प्रश्न ठरलेला. मग सांगावं लागतं की समुद्र नसला तरी उजनी आहे, ११७ टीएमसीचं धरण, १९८० पासून पाणी अडवलंय, फुगवटा पार भिगवणच्या बाजूला पसरलाय आणि त्या पाण्यावर मासेमारीच्या बोटी, थंडीत फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटी, करमाळ्याकडून इंदापूरकडं माणसं न् मोटारसायकली नेणाऱ्या बोटी, सगळं चालतं. बोट चालली की इंजिन कधीतरी बसणारच, मग ते आमच्याकडं येतं.

आण्णा म्हणजे आमचे वडील मिलमध्ये फिटर होते. नव्वदच्या दशकात सोलापूरच्या मिला एकेक करून थंडावल्या, हातात कला होती आणि पगार नव्हता, मग त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये ऑईल इंजिन रिपेअरिंग सुरू केलं. विहिरीवरची पाच एचपीची सिंगल सिलिंडर इंजिनं, लायनर-पिस्टन बदलायचं, नोझल साफ करायचं, गव्हर्नर सेट करायचं. काम भरपूर होतं. पण पुढं मोटारी आल्या, बोअरला सबमर्सिबल आली, आणि इंजिन घेऊन येणारा शेतकरी हळूहळू दिसेना झाला. शेड बंद करायची का असा विचार घरात चालू होता तेवढ्यात टेंभुर्णीकडचे एक मासेवाले मामा छोट्या हत्तीत अख्खं इंजिन टाकून आले, आण्णांना म्हणले, "हे बोटीतलंय, पण हाय तुमच्या विहिरीवरचंच की ओ." खरंच तेच होतं, फक्त पंपाच्या जागी शाफ्ट म्हणजे फिरता दांडा, आणि त्याच्या टोकाला बोट ढकलणारा पंखा. तिथनं आमचा धंदा पाण्यात गेला, चांगल्या अर्थानं.

या धंद्यात आम्ही टिकलो ते एकाच गोष्टीवर. गिऱ्हाईक येतं ते ठरवूनच येतं, "इंजिन संपलंय, नवीन बसवा". आणि बऱ्याचदा इंजिन संपलेलं नसतं. आम्ही आधी धूर बघतो. काळा धूर म्हणजे इंजिनावर लोड जास्त पडतोय नाहीतर डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा-लायनर गेलेत, पांढरा म्हणजे डिझेल कच्चं जातंय किंवा पाणी आत शिरतंय, मग हेड गॅस्केट बघा. निळ्यात आणि पांढऱ्यात खर्च मोठा असतो. काळ्यात मात्र नव्वद टक्के लोकांना कोणीतरी उगाच मोठं इंजिन घ्यायला सांगितलेलं असतं.

करमाळा तालुक्यातल्या एका बोटवाल्याचं सांगतो. लोखंडी बोट, जुनं ट्विन सिलिंडर वॉटर कूल इंजिन, भसाभस काळा धूर, अर्ध्या तासात गरम, पिकअप नाही. मोठ्या इंजिनाचं कोटेशन खिशात घेऊनच आलेला माणूस. आम्ही काठावर गेलो, कॉम्प्रेशन बघितलं, चांगलं होतं. मग गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट ढिले केले आणि त्याच्या दोन फ्लँजच्या म्हणजे गोल चकत्यांच्या मधे फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घातलं, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. चार इंची फ्लँजला चारी बाजूंनी फरक चार थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत पाहिजे, साधा हिशोब, इंचाला एक थाऊ. इथं वरून गेज जाईना आणि खालून दोन पात्या एकदम आत. शाफ्ट वाकलेला, पंख्याचं एक पातं पण वळलेलं. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचाच साठा उरला होता, तेव्हा कशावर तरी आपटलेली बोट. पाणी खाली गेलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं वर यायला लागतात, पळसदेवचं देऊळ तर बघायला गर्दी होते, पण बोटवाल्याला त्या दिवसांत जीव मुठीत धरूनच जावं लागतं. त्यात इंजिनाला पाणी घेणाऱ्या जाळीत जलपर्णीची मुळं गच्च. म्हणजे इंजिन बिचारं वाकडा शाफ्ट फिरवत होतं आणि वर पाण्याविना तापत होतं. शाफ्ट नवीन टर्न करून घेतला, पंखा सरळ करून बॅलन्स केला, जाळी मोठी केली. इंजिनाला नोझल साफ करण्यापलीकडं हात लावला नाही. कोटेशनच्या मानानं खर्च किरकोळ झाला आणि त्या माणसानं नंतर अख्खं गाव आमच्याकडं पाठवलं.

शाफ्टवरनं आठवलं, सोलापूरचा हा फायदा कुणाच्या लक्षात येत नाही. पॉवरलूमच्या पार्टवर हात बसलेले लेथवाले इथं गल्लीबोळात आहेत. मुंबईहून मागवायला वेळ जातो ते काम इथं संध्याकाळी हातात मिळतं, आणि माप चुकत नाही. पंख्याचं गनमेटलचं कास्टिंग मात्र बाहेरून आणतो, त्यात शहाणपणा करायचा नाही.

अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, बोट पाण्यात असतानाच फायनल करायचं, हे मात्र कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही. काठावर ठेवलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट, दोन्हीचा आकार थोडा वेगळा असतो, विशेषतः लांब लाकडी किंवा फायबरची असली तर. पाण्यात सोडायची, एक दिवस बसू द्यायची, मग परत गेज लावायचं. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडचंही तसंच. थेंब थेंब पाणी गळतंय म्हणून लोक दोरीचा ग्लँड आवळून आवळून शाफ्टला चरे पाडतात. अरे, शाफ्ट फिरताना मिनिटाला थोडे थेंब पडलेच पाहिजेत, त्याच पाण्यानं तो गार राहतो.

इंजिन खरंच बदलायची वेळ येते तेव्हा नुसतं इंजिन बदलून भागत नाही. क्रँक गेलेली असते, ब्लॉकला तडा असतो, किंवा पार्टच मिळत नाहीत, तेव्हा आम्ही स्वतःच बदला म्हणतो. पण मग लोक स्वस्तात ट्रॅक्टरचं नाहीतर ट्रकचं जुनं इंजिन उचलून आणतात आणि रेडिएटरसकट बोटीत बसवा म्हणतात. बंद खोलीत रेडिएटरला वारा कुठनं मिळणार? त्याला बाहेरच्या पाण्यावर इंजिन गार ठेवणारा हीट एक्स्चेंजर पाहिजे, रिव्हर्स असलेला रिडक्शन गिअरबॉक्स पाहिजे, बेड नवीन करायला पाहिजे, वजन बदललं की बोटीची पाठ बसते किंवा नाक वर येतं ते बघायला पाहिजे, आणि पंखा नवीन इंजिनाच्या मापाचा पाहिजे. फुल थ्रॉटलला कंपनीनं दिलेला आरपीएम गाठला नाही तर समजायचं पंखा जड आहे. हा सगळा हिशोब आधी कागदावर मांडून दिला की निम्मे लोक जुनंच उघडा म्हणतात.

आऊटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून अडकवायच्या इंजिनाचं, काम अलीकडं वाढलंय, पर्यटनाच्या बोटींमुळं. तिथं पहिला प्रश्न एकच, इंजिन मुततंय का? मागून पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद करा, बहुतेक गार करायचं पाणी ओढणारा रबरी इंपेलर गेलाय. गिअरचं ऑईल दुधासारखं पांढरं निघालं तर खालच्या सीलमधून पाणी शिरलंय. आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यानं आमचा कार्ब्युरेटरचा धंदा वाढवलाय हे खरं, पण बोटवाल्याला ताप आहे. पावसाळ्यात बोट उभी राहते, टाकीत पेट्रोल तसंच, इथेनॉल दमटपणा ओढतं, पाणी खाली बसतं, जेट चोक. बोट उभी करताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, एवढं प्रत्येकाला बिलावरच लिहून देतो.

चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी आम्ही घेत नाही. पैसे रोख असतात, रात्रीत काम पाहिजे असतं, आणि महसूलवाले येऊन जिलेटिन लावून उडवतात तेव्हा आपलं बसवलेलं इंजिन पण तळाला जातं. आण्णांनी पहिल्यापासून नाही म्हणलंय.

२१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव-कळाशीच्या मधे वादळात प्रवासी बोट उलटली, सहा माणसं गेली. ते वाऱ्यानं झालं, पण त्यानंतर प्रवासी बोटीचं काम घेताना आम्ही जॅकेट किती आणि माणसं किती बसवता ते आधी विचारतो. काहीजण चिडतात, तुम्ही मेकॅनिक का इन्स्पेक्टर म्हणतात. चिडू देत.

सध्या धाकट्या भावाच्या डोक्यात इलेक्ट्रिक आऊटबोर्ड बसलंय. पक्षी बघायला नेणाऱ्यांना आवाज नको असतो, त्यामुळं विचारणा पण येतात. माझं म्हणणं एवढंच की दुपारनंतर उजनीवर समोरून वारं सुटलं की परत यायला बॅटरी पुरली पाहिजे. एका ओळखीच्या बोटवाल्याला सांगितलंय, हंगाम संपला की बोट आमच्याकडं आणून लाव, आधी वजन आणि जागा मोजू, मग बोलू.