काशा जिवंत होत्या

मार्चचा शेवटचा आठवडा. ऑरोरातल्या एका मराठी घरून फोन आला, "दादा, पुढचं सगळं लॉन गेलं हो. उखडून नवीन टाकायचंय, खर्च किती येईल?" ऑरोरा अमेरिकेतल्या डेन्व्हरला लागूनच, पूर्वेला. इथे स्प्रिंकलर आणि लॉनची कामं करून मला अकरा वर्षं झाली. मोजपट्टी घेऊनच निघालो.

घर दक्षिणमुखी, पुढे रस्त्याकडे उतार. उतारावरचं गवत भाताच्या पेंढ्यासारखं झालेलं, आणि घरामागे, उत्तरेच्या सावलीत, तेच केंटकी ब्लूग्रास हिरवं धरू लागलेलं. पायरीवर ताईंचे वडील बसले होते. माण तालुक्यातले शेतकरी, नोव्हेंबरात लेकीकडे आलेले.

मी उतारावर स्क्रूड्रायव्हर खुपसला. जमिनीत ओल असली की तो मुठीपर्यंत सहज जातो. इथे बोटाच्या एका पेरावरच अडला. मग पांढरा कागद धरून त्यावर गवत झटकलं. मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि बघता बघता चालू लागले. एक चिरडला, कागदावर तांबडी रेघ उमटली. क्लोव्हर माइट, गवताचा रस शोषणारा बारीक कोळी.

काका वाकून बघत होते. "आमच्याकडं वांग्यावर येतो तसला लाल कोळी का हा?"

"त्याच्याच घराण्यातला, काका."

"मग पाण्याचा ताण बसलाय. मी जानेवारीतच पोरीला म्हणालो होतो, गवत तहानलंय. ती म्हणाली, फवारे बंद करून गेलेत, एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

सांगणारा मीच होतो. ऑक्टोबरात कॉम्प्रेसर लावून त्यांच्या पाइपांतलं पाणी मी काढलं होतं. ते करावंच लागतं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. पण लॉनला पाणीच द्यायचं नाही, असं नसतं. महिन्यातून एक-दोनदा साध्या नळीने द्या, एवढं एक वाक्य मी बोललो नव्हतो. काका काही न बोलता उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

डेन्व्हरमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण 15 इंच पाणी पडतं. माणदेशाहून कमीच. त्यात हिवाळ्यातलं ऊन कललेलं असतं, दक्षिणेच्या उतारावर ते थेट पडतं. बर्फ तिथे सगळ्यात आधी वितळतो, माती उघडी पडते, आणि डोंगरावरून उतरणारा कोरडा, उबदार वारा उरलीसुरली ओल ओढून नेतो. गवत पिवळं दिसतं म्हणून आपण त्याला झोपलेलं समजतो, पण बुडख्याला आणि मुळांना ओल लागतेच. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ टिकलाच नव्हता.

ताई बाहेर आल्या. "मग उखडायचंच ना?" मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात काकांनी विचारलं, "ह्याला काशा असतात का? हराळीला असतात तशा?"

असतात. केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून काशांनीच, म्हणजे मातीत आडव्या वाढणाऱ्या खोडांनीच, पसरतं. काकांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं, वीतभर चौकोन काढला आणि माती बोटांनी चोळून पाडली. वरचं सगळं वाळलेलं, पण दोन इंच खाली पांढरट, टणक काशी, टोकाला कोंब. त्यांनी नख लावलं. ओलसर होती. "जन्म गेला हराळीच्या काशा वेचण्यात," ते म्हणाले. "एक राहिली तरी रान धरती. ह्यो जिता हाय."

मी मोजपट्टी खिशात टाकली. उतारावर आठ ठिकाणी खणून पाहिलं. सहा ठिकाणी काशा जिवंत होत्या.

त्याच दुपारी नळी जोडली. पारा 5 अंश सेल्सिअसच्या वर असेल अशाच दिवशी आणि दुपारीच पाणी द्यायचं, म्हणजे रात्री गोठायच्या आत ते मुरतं. उतारावर एकदम सोडलं तर वाहून जातं, म्हणून दहा मिनिटं देऊन अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा. काम झालं की नळी नळापासून सोडवायचीच, नाहीतर रात्री नळ फुटतो. औषध मी मारलं नाही. हे कोळी पाण्यानेच आटोक्यात येतात. खतही थांबवलं. पाणी किती बसलं ते मोजायला ताईंनी ट्यूनाचे रिकामे डबे मांडले, अर्धा इंच भरलं की बंद. एप्रिलच्या मध्यावर काका गावी जाईपर्यंत ते काम त्यांनीच केलं. मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा उतार बराचसा हिरवा झाला होता. पहिली कापणी मी पातं 3 इंचांवर ठेवून केली. ताईंनी गावी व्हिडिओ कॉल लावला. काकांचा पहिला प्रश्न, "काठाची पट्टी आली का?"

"नाही आली, काका." फुटपाथच्या सिमेंटला लागून हातभर रुंदीची पट्टी मेलीच होती. आम्ही खणलेल्या जागांपैकी दोन तिथल्याच. जूनमध्ये माती तापल्यावर तिथे बफेलो ग्रासची रोपं लावली. हे इथल्या माळरानाचं मूळचं गवत, कमी पाण्यावर तगणारं. काकांना फोटो पाठवला, तर त्यांनी उलट विचारलं, ह्याच्या काशा खाली जातात का वर पसरतात?

वर पसरतात, असं मी कळवलं.