जपानमधले जेवण आणि हलालचा हिशेब

जपानला निघालेल्या मुस्लिम प्रवाशाला घरचे आणि शेजारपाजारचे एकच बजावतात : डुकराचे मांस तेवढे सांभाळा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. समोरच्या ताटात ओळखू येणारे मांस टाळणे सोपे असते. जे डोळ्यांना दिसत नाही त्याचीच तिथे खरी काळजी घ्यावी लागते.

त्यात पहिला क्रमांक मिरिनचा. तांदळापासून केलेले हे गोडसर मद्य, ज्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असते, ते तेरियाकीच्या गोडसर सॉसपासून उडोन शेवयांच्या रश्श्यापर्यंत, आपल्या आमटीत गुळाचा खडा पडावा तितक्या सहजपणे पडते. शिजताना अल्कोहोल उडून जाते असे म्हणून काही जण स्वतःची समजूत घालतात. मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण मद्य म्हणून तयार केलेला पदार्थ जाणूनबुजून अन्नात घालणे हाच मूळ आक्षेप आहे. सोया सॉसचे प्रकरण थोडे वेगळे. तो आंबवताना थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते आणि टिकावा म्हणून काही उत्पादक ते वरूनही घालतात. आपोआप तयार झालेले, नशा न आणणारे अल्प प्रमाण अनेक उलेमा ग्राह्य धरतात. वरून घातलेल्याबद्दल मात्र मतभेद आहेत. आम्ही आमच्यापुरते ठरवले होते की वेष्टनावर ‘शुसेई’, म्हणजे अल्कोहोल, असे छापलेले दिसले, तर ती वस्तू परत फळीवर ठेवायची.

कोन्बिनी, म्हणजे गल्लोगल्ली रात्रंदिवस उघडी असणारी छोटी दुकाने, हा प्रवाशाचा मोठा आधार. तिथे ओनिगिरी मिळते : भाताचा तळहातात मावणारा त्रिकोणी गोळा, बाहेरून काळसर शेवाळाचा पापड गुंडाळलेला. फोनचा कॅमेरा मागच्या चिठ्ठीवर धरला की घटकांची यादी मराठीत उमटते, कधी हास्यास्पद भाषांतरासह. नुसत्या मिठाची किंवा उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरी बहुधा निभावून जाते, पण ट्यूना-मेयोनीजच्या यादीत ‘न्यूकाझाई’, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा पायसीकारक, आढळतो आणि तो प्राणिज आहे की वनस्पतिजन्य हे बऱ्याचदा कळत नाही. कंसात ‘दाइझु’, म्हणजे सोयाबीन, असा उल्लेख असेल तर जीव भांड्यात पडतो. डुकराचे मांस आणि जिलेटिन यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत करावा अशी तिथे केवळ शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे ती सूचना वाचून भागत नाही, पूर्ण यादीच वाचावी लागते. पावातले शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट स्निग्ध पदार्थ, आणि तयार करीच्या वड्यांमधली चरबी तर हमखास तपासावी. (आमच्या शाकाहारी मित्रांना तिथे सर्वांत जास्त छळणारा दाशी, म्हणजे सुक्या माशाचा अर्क, आम्हाला मात्र मुळीच अडचणीचा नव्हता.)

माशांचा विषय निघाला की आमच्या गटात वाद ठरलेला. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. सोबतचे कुटुंब औरंगाबादचे, हनफी. हे दोन्ही इस्लामी धर्मशास्त्राचे संप्रदाय. शाफई मतानुसार समुद्रातले जवळजवळ सगळे चालते, त्यामुळे म्हाकूल आणि ऑक्टोपस आमच्यासाठी हलाल. हनफी मतानुसार समुद्री प्राण्यांपैकी फक्त मासा चालतो, आणि कोळंबीला मासा म्हणावे की नाही यावर त्यांच्या उलेमांमध्येच एकमत नाही. खेकड्याबाबत आमच्याकडेही मतभेद आहेतच. तेव्हा ‘मुसलमानांना काय चालते’ या यजमानाच्या प्रश्नाला एकाच टेबलावरून दोन उत्तरे जात आणि बिचारा वेटर नम्रपणे वाकून दोन्ही टिपून घेई.

मांस खायचे तर जबह केलेलेच, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापलेल्या जनावराचेच, हवे, आणि त्यासाठी टोकियोत दोन भरवशाच्या जागा आहेत. योयोगी-उएहाराची टोकियो जामी ही मशीद, जिची मूळ इमारत १९३८ची आणि सध्याची २०००ची, तिच्या आवारातच हलाल वस्तूंचे दुकान आहे. दुसरी जागा शिन-ओकुबो, जिथे एका गल्लीत दक्षिण आशियाई लोकांची किराणा दुकाने ओळीने दिसतात आणि हळदीपासून मटणापर्यंत सगळे मिळते. इतरत्र ‘मुस्लिम फ्रेंडली’ अशी पाटी दिसली तर ती हलाल प्रमाणपत्रासारखी समजू नये. अशा ठिकाणी मांस हलाल असले तरी दारू विकली जात असू शकते आणि भांडी वेगळी ठेवलेली असतीलच असे नाही. हे आधी विचारून घेणे बरे.

घरून खिमा किंवा सुके मटण नेण्याचा विचार मात्र सोडावा. तपासणीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत आणि नियमभंगाची शिक्षा कडक आहे. नाइलाज झाला तर निषिद्ध अन्नालाही कुराणात (२:१७३) सवलत आहे, हे काही प्रवासी फार लवकर आठवतात. जिथे केळी, भात, अंडी आणि भाजलेला मासा पावलोपावली मिळतो तिथे तो नाइलाज कसला?

राहता राहिला टेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाजी. कोळंबीवरून दोन्ही कुटुंबांचे एकमत व्हायचे होते, पण ज्या उपाहारगृहात आम्ही बसलो होतो तिथे तोंकात्सु, म्हणजे डुकराचे कटलेट, त्याच कढईतल्या तेलात तळतात असे कळल्यावर शाफई आणि हनफी दोघांनीही भाजलेला मॅकरेल मागवला.